टायरची साडेसाती

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं, शनिशिंगणापूरच्या पंचक्रोशीतलं. कुठल्याही संकटावर तेल ओतलं की ते टळतं, हे आमच्याकडे पोरांना पाळण्यातच कळतं. त्यामुळे ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांना चिरा दिसल्या, तेव्हा आबांनी इंजिनातून काढलेल्या जळक्या ऑइलचा डबा उचलला आणि फडक्याने दोन्ही टायर असे चोळले, की तान्हेपणी मलाही एवढं तेल लाभलं नसेल.

"आता बघ, कसं चकाकतंय!"

आठ दिवस चकाकलं. मग धूळ बसली आणि दिवाळीपर्यंत चिरांत नख जायला लागलं.

पंक्चरवाल्याने टायरवरून बोट फिरवलं, वास घेतला. "ऑइल कुणी लावलं?" आबांनी माझ्याकडे पाहिलं. मीही आबांकडे पाहिलं असतं, पण संस्कार आडवे आले.

मग त्याने कुंडली मांडली. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. आमच्यावर होते २२१६. म्हणजे २०१६ सालचा बाविसावा आठवडा, जूनची सुरुवात. आबांचा जन्मही कागदोपत्री १ जूनचाच, मास्तरांनी लिहिलेला. टायरची तारीख तेवढी खरी.

पहिला ग्रह सूर्य. उन्हाने रबर वाळतं, कडक होतं. दुसरा ओझोन. आभाळातला ओझोन आपल्याला तारतो, जमिनीलगतचा मात्र ताणलेल्या रबराला चावतो. हवा कमी असली की टायरचं पोट सुटतं, ताण वाढतो, तिथेच चीर पडते. यावर उतारा म्हणून कारखान्यातच रबरात मेण घातलेलं असतं. चाक फिरत राहिलं, दबत राहिलं, की ते पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरतं. आमचा ट्रॅक्टर पेरणी झाली की बाभळीखाली समाधी लावतो. मेण आतल्या आत. वरून आबांचं ऑइल! खनिज तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं, आतली राखण करणारी द्रव्यंही निघून जातात.

"मग करायचं काय?"

"साबणाच्या पाण्यानं धुवा. शेडात ठेवा. हवा मोजून भरा. फार दिवस उभा राहणार असला तर ठोकळ्यांवर चढवा, नाहीतर पंधरा दिवसांनी एक चक्कर मारा. आन् चिरेतून आतले धागे दिसले, तर टायर बदला."

घरी आबांनी ओसरीवर सगळं प्रवचन पुन्हा केलं. "उभं राहिलं की भेगा पडतात. चालतं ते टिकतं!"

आई भाकरी थापत होती. तिने पाय पुढे केला. "मी चाळीस वर्षांत एक दिवस उभी राहिले नाही. मग ह्या टाचांना भेगा कशानं पडल्या? मला ठेवलं का कुणी ठोकळ्यावर?"

पंक्चरवाल्याच्या कुंडलीत हा ग्रह नव्हता. आबा गप्प झाले. पुढच्या बाजारातून त्यांनी न सांगता कोकमतेलाची वडी आणली आणि चुलीजवळ ठेवली.

तेलावरची श्रद्धा काही सुटली नाही. या वेळी जागा तेवढी बरोबर निघाली.