बाल्कनीतील जीवामृत : कृती, मात्रा व शेजारी

सेंद्रिय खत दुकानात पिशवीबंद मिळते. परंतु त्यात करणाऱ्याचे कर्तृत्व दिसत नाही. म्हणून तिसऱ्या मजल्यावरील होतकरू शेतकऱ्यांसाठी सुभाष पाळेकरांच्या जीवामृताची ही शहरी आवृत्ती. मूळ प्रमाण एका एकराचे आहे : २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचे पीठ आणि मूठभर माती. आपण सगळ्याला दहाने भागावे. मूठ भागू नये.

साहित्य

शेण : जितके ताजे तितके बरे. गाय देशी असल्याची खात्री वशिंड पाहून करावी. गोठेवाल्याच्या सांगण्यानुसार त्याच्या सगळ्याच गाई गीर असतात. रिक्षाने आणताना पिशवीत काय आहे ते उतरल्यावर सांगावे.

गोमूत्र : येथे नियम उलटा, जितके जुने तितके चांगले. ते फ्रिजमध्ये ठेवावे लागत नाही, हे घरात आधीच जाहीर करावे.

गूळ : काळपट घ्यावा. पिवळाधमक गूळ रसायनाने उजळलेला असू शकतो. तो पाहुण्यांना द्यावा.

बेसन : २०० ग्रॅम, पिठल्याचा बेत नसलेल्या दिवशी. ‘जिवाणूंना प्रथिने लागतात’ हे वाक्य तोंडपाठ असावे.

माती : वडाखालची किंवा बांधावरची, रासायनिक खत न लागलेली. हे या मिश्रणाचे विरजण. सोसायटीच्या बागेतली घेऊ नये. तिथे युरिया पडतो आणि वॉचमन बघत असतो.

कृती

नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून क्लोरीन उडू द्यावा. नाहीतर ज्यांना वाढवायचे तेच मरायचे. बादली प्लास्टिकची, धातूची नको. ती पुन्हा आंघोळीला वापरली जाणार नाही, असा ठराव कुटुंबात एकमताने संमत करावा. सर्व जिन्नस घालून लाकडी काठीने सकाळ-संध्याकाळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ढवळावे. घरात फक्त डिजिटल घड्याळ असल्यास शेजारच्या आजोबांचे मनगट पाहावे. वर घट्ट झाकण न लावता गोणपाट टाकून बादली सावलीत ठेवावी.

४८ तासांत मिश्रण तयार होते. बुडबुडे आणि आंबूस वास आला, तर काम नीट चालले आहे. सडका वास आला, तर ढवळण्यात हयगय झाली आहे. हा सूक्ष्म भेद लिफ्टमध्ये समजावून सांगू नये.

मात्रा

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्या हिशेबाने ४० चौरस फुटांच्या बाल्कनीच्या वाट्याला सुमारे १८४ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम पेलाभर जीवामृत येते. ते दहापट पाण्यात मिसळून कुंड्यांच्या मातीत घालावे. उरलेले सात दिवसांत संपवावे.

मग दोनच लिटर का करू नये? कारण दोन लिटरला १०० ग्रॅम शेण लागते आणि एवढे शेण मोजून मागितल्यास गोठेवाला आधी आपल्याकडे आणि मग गाईकडे पाहतो. तेव्हा वीस लिटर करणे आले. ते १०८ बाल्कन्यांना पुरते. अंक शुभ आहे. बाल्कन्या शोधायच्या आहेत.

वितरण

शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून द्यावे. बाटलीवर ठळक चिठ्ठी लावावी, विशेषतः घेणाऱ्यांच्या घरी लहान मुले किंवा दुपारी तहानलेले सासरे असतील तर. आत वायू तयार होत असतो, म्हणून झाकण सैल ठेवावे. वाटपाचा क्रम तक्रारीच्या शक्यतेनुसार लावावा : पहिली बाटली सेक्रेटरींच्या तुळशीला, दुसरी खालच्या मजल्यावरील काकूंच्या मोगऱ्याला. ज्याच्या कुंडीत जीवामृत पडले, त्याला बादलीचा वास येत नाही. या शास्त्रातला एवढा एकच नियम देशी गाय नसली तरी लागू पडतो.