एवढा एक कपॅसिटर आला की झालं

सुरगाण्यात सरांचं घर विचारलं, तर लोक आधी "ते जुन्या कॉम्प्युटरवाले का?" असं विचारतात आणि मग बोट दाखवतात. निवृत्त झाल्यावर बाकीचे मास्तर भात-नागलीत रमले, सर सोल्डरिंग गनमध्ये.

बैठकीच्या खोलीत मानाची जागा बीबीसी मायक्रोला. १९८४ साली सरकारनं 'क्लास' योजनेत हे ब्रिटिश संगणक शाळाशाळांत बसवले. त्यातलाच हा एक, पुढे निर्लेखनाच्या यादीत मोडकी बाकं आणि बिनपात्यांचे पंखे यांच्यामधे सरांना सापडला. मेमरी ३२ केबी. "अहो सर, यात मोबाईलमधला एक फोटो मावायचा नाही," असं कुणी म्हणालं, की सर शांतपणे विचारतात, "तुमच्या मोबाईलमध्ये किती मावतात? आणि त्यातले बघता किती?"

"मेलेलं नाही ते, झोपलंय," हे सरांचं पहिलं वाक्य. "एवढा एक कपॅसिटर आला की झालं," हे दुसरं. तो यायचा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. त्यामुळे बदलीसाठी मंत्रालयात निघालेल्या माणसाच्या खिशातही सर चिठ्ठी सरकवतात : '२२ मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट, आडवा.' बदली होत नाही. कपॅसिटर येतो, पण उभा.

बीबीसी पहिल्यांदा चालू केला तेव्हा दहा मिनिटं छान चालला. मग पॉवर सप्लायमधला जुना कपॅसिटर फुटला आणि घरभर धूर झाला. काकू आतूनच म्हणाल्या, "फोडणी करपली वाटतं तुमची!" सर मात्र खुशीत. "बघा, बरोब्बर तोच गेला! सगळ्या बीबीसींचा तोच जातो."

मग डबा पांढरा करायचं मनावर घेतलं. पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की उजळतं. सरांनी एकदम एवढ्या बाटल्या मागितल्या, की मेडिकलवाला गंभीर झाला. "सर, जखम मोठी आहे का?" ऊन म्हणाल तर इथला पावसाळा ते चार महिने दिसू देत नाही. म्हणून मुहूर्त वैशाखातला. गच्चीवर एका बाजूला काकूंच्या कुरडया, दुसऱ्या बाजूला बीबीसीचं झाकण आणि मधे काठी घेऊन सर. कावळ्यांनी झाकणाला चोच लावली नाही. कुरडयांचं सरांच्या लक्षात राहिलं नाही.

दुसरं रत्न म्हणजे १९८२चा सिंक्लेअर स्पेक्ट्रम. "सोळाचं अठ्ठेचाळीस केबी केलं मी," हे सर बारशातही सांगतात. त्याच्या अडॅप्टरची पिन उलटी, म्हणून भिंतीवर लाल रंगात लिहिलंय : 'मधे ऋण, बाहेर धन.' नवख्या पाहुण्याला ते सुविचार वाटतं. सरांनी त्याला मेमरी कार्डही जोडलंय. त्यावरून खेळ क्षणात सुरू होतो, म्हणून सर ते वापरत नाहीत. खेळ कॅसेटवरूनच लोड व्हायला हवा. त्याला लागतात पाच मिनिटं, आणि आषाढात सुरगाण्याची वीज सलग पाच मिनिटं टिकेल का, हा त्या खेळाहून मोठा खेळ.

परवा गल्लीतली सगळी पोरं जमली होती. टेपरेकॉर्डर किंचाळू लागला, टीव्हीच्या कडांना निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावू लागल्या. बाहेर पाऊस धो धो. चार मिनिटं झाली, दिवा एकदा लुकलुकला, सगळ्यांनी श्वास रोखला... आणि खेळ सुरू झाला! पोरं कीबोर्डवर झेपावली. स्पेक्ट्रमला बंद करायचं बटणच नसतं, त्यामुळे सरांनी सरळ वायर उपटली.

"अहो सर, खेळायचं होतं ना!"

"चालतंय ते कळलं ना? मग झालं तर." स्क्रू-ड्रायव्हर आधीच हातात आला होता. "मघाशी आवाज जरा चिरका नाही वाटला? उघडूनच बघतो. एवढा एक कपॅसिटर..."