आपलीच मुंबई, फक्त ७९९ रुपये

साठी झाली म्हणून लेकीने मला भेट दिली. शर्टपीस किंवा फार तर ब्लडप्रेशरचं मशीन, एवढी माझी तयारी होती. निघालं ते ‘हेरिटेज वॉक’चं कूपन. माणशी ७९९ रुपये, जोडीचं. चालायचं कुठून कुठे, तर सीएसएमटी ते काळा घोडा. म्हणजे ज्या रस्त्याने मी एकतीस वर्षं पगार घेऊन चाललो, त्याच रस्त्याने आता पैसे भरून चालायचं.

“बाबा, अधूनमधून आपल्याच शहरात टुरिस्ट व्हावं,” लेक म्हणाली. पूर्वी आपल्या शहरात वाट चुकणाऱ्याला वेंधळा म्हणत.

रविवारी सकाळी सातला जमायचं होतं, म्हणून डोंबिवलीहून साडेपाचची पकडली. हिने रीतीप्रमाणे डबा घेतलाच. थालीपीठ आणि लिंबाचं लोणचं. कूपनावर ‘फूड इन्क्लुडेड’ असं छापलंय, हे मी सांगून पाहिलं. “इन्क्लुडेड म्हणजे किती?” या प्रश्नाचं उत्तर कूपनावर नव्हतं.

आम्ही चौदा जण होतो. पवई, गोरेगाव, ठाणे आणि एक गोऱ्या बाई. गाइड पंचविशीतला, कानाला माइक, मुंबईत येऊन दोन वर्षं झालेली. त्याची टिंगल करायची असं ठरवूनच मी गेलो होतो. पण मुलगा अभ्यासू निघाला आणि माझा अर्धा उत्साह तिथेच मावळला.

“नाउ, एव्हरीबडी, लुक अप!” तो म्हणाला.

मी वर बघितलं. या स्टेशनात आजवर मी मान वर केली ती इंडिकेटर बघायला. आता दिसलं की दगडात मोर आहेत, माकडं आहेत, पानाफुलांत लपलेले कसले कसले प्राणी आहेत. फाटकाच्या एका खांबावर सिंह, तो इंग्रजांचा. दुसऱ्यावर वाघ, तो आपला. फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाच्या वास्तुविशारदाचं हे काम, दहा वर्षं चालून १८८८मध्ये पुरं झालेलं. २००४मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. म्हणजे इतकी वर्षं मी जागतिक वारसा सेकंड क्लासच्या पासावर वापरत होतो आणि वर गाडी तीन मिनिटं लेट म्हणून त्यालाच शिव्या घालत होतो. घुमटावर हातात मशाल घेतलेली बाई आहे, ती म्हणे ‘प्रगती’. मला ठाऊक असलेली प्रगती पुण्याला जाते.

पुढे सेंट जॉर्ज हॉस्पिटलजवळ त्याने एक काळी भिंत दाखवली. फोर्टातल्या फोर्टचा उरलेला तुकडा. बाकीचा कोट १८६०च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना पाडला. चौदा मोबाइल वर झाले. मी गप्प राहिलो. कारण या भिंतीला टेकून मी एका पावसात तासभर उभा होतो, महापालिकेची समजून.

मग आला ‘फूड स्टॉप’. गाइड म्हणाला, आता आपण एका ‘हिडन जेम’मध्ये जाऊ. वळण घेतलं आणि मला घाम फुटला. हे तर आमचं इराण्याचं हॉटेल! दर एक तारखेला ऑफिसातले आम्ही चौघे इथे बसायचो. इतकी वर्षं ते कोणापासून लपलं होतं, देव जाणे. दार रस्त्यावर, पाटी हातभर, आणि पावाचा वास दोन गल्ल्या ओलांडून येणारा.

संगमरवरी टेबलांभोवती सगळे बसले. ब्रून म्हणजे काय, तो कडक का, मस्का कसा लावतात, यावर पाच मिनिटं माहिती झाली. नंतर प्रात्यक्षिक. “डिप इट, काउंट टू थ्री, अँड ईट.” चौदा माणसं एका सुरात एक, दोन, तीन मोजत पाव चहात बुडवताहेत, असं दृश्य त्या हॉटेलाने पाहिलं नसेल. ठाण्याच्या एका गृहस्थाचा चौथ्या आकड्याला तळाशी गेला. तो चमच्याने काढावा लागला.

तेवढ्यात म्हातारा वेटर माझ्यापाशी थांबला. नावानिशी ओळख नाही, पण चेहऱ्याने पक्की. न विचारता त्याने कमी साखरेचा चहा ठेवला, या घोळक्याकडे पाहिलं, आणि खाली वाकून हळूच विचारलं, “साहब, गांव से मेहमान आये क्या?”

“नाही,” मी म्हणालो, “मीच आलोय.”

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर माणूस आजारी असला तरच वाट्याला येते.

फ्लोरा फाउंटनपाशी गाइडला पुन्हा रंग चढला. १८६४चं कारंजं, वर रोमन फुलदेवता. आणि महत्त्वाचं म्हणजे कोटाचं ‘चर्च गेट’ इथे होतं. त्यातून आत गेलं की सेंट थॉमस चर्च, १७१८चं, म्हणून ते चर्च गेट. गेट पडलं, नाव उडालं आणि पार लांब समुद्राच्या अंगाला स्टेशनावर जाऊन बसलं. धोबी तलावात तलाव नाही हे मला माहीत होतं. पण चर्चगेटचं गेट हुतात्मा चौकात हरवलंय, हे कळायला ७९९ रुपये पडले.

देवतेचे फोटो झाले आणि घोळका पुढे निघाला. शेजारच्या स्मारकाला मिळालं अर्धं वाक्य. २१ नोव्हेंबर १९५५ला इथे संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्यांवर गोळीबार झाला होता. माझ्या जिभेवर चांगलं खरमरीत भाषण आलं होतं. पण मागे वळून पाहिलं तर ही चपला काढून मशालधारी पुतळ्यांसमोर उभी. मला तिची पिशवी धरायला लागली. आणि आठवलं, की एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, “हुतात्मा चौकात उतरा आणि उजवीकडे वळा.” भाषण गिळलं.

एशियाटिकचा टाउन हॉल १८३३चा, पायऱ्या तीस. तिथे एक नवरदेव लग्नाआधीच्या फोटोंसाठी बायकोला उचलत होता, त्यामुळे इतिहास त्याच्या मागे गेला.

शेवटचा थांबा काळा घोडा. इथे घोडा आहे, स्वार नाही. जुन्या घोड्यावर सातवा एडवर्ड बसला होता. १९६५मध्ये दोघांना उचलून राणीच्या बागेत नेलं. पन्नासहून जास्त वर्षं चौकात नुसतं नाव उभं होतं. २०१७मध्ये नवा घोडा आणला, पण त्यावर कोणाला बसवायचं यावर एकमत होण्याची आशा कोणालाच नसावी, मोकळाच ठेवला. आपल्या शहराने घेतलेला हा मला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो.

तिथे गोऱ्या बाईंनी विचारलं, “आर यू अ लोकल?”

“नो,” मी सवयीने म्हणालो, “फास्ट.”

निरोपाच्या वेळी कळलं की गाइडला मेगाब्लॉकची गंधवार्ता नव्हती. ठाण्याचे गृहस्थ गोंधळले, गोरेगावकर नकाशे उघडून बसले. इथे मात्र मी चौदा जणांचा गाइड झालो. कोण चर्चगेटने जाईल, कोणी बसने दादर गाठावं, सुलभ शौचालय कुठे, सुट्टे पैसे कुठे मिळतात, सगळं सांगितलं. कोणी एक रुपया दिला नाही.

स्टेशनात शिरलो तर डोंबिवलीची गाडी लागलेली. मी इंडिकेटरकडे बघितलं, “अगं चल, पळ!” म्हणून ओरडलो आणि धावलो. डब्याच्या दांडीला हात घालून मागे बघतो, तर ही तिकीटघराच्या मध्यभागी मान वर करून उभी.

“अहो, या बाजूलाही आहे एक माकड,” ती तिथूनच म्हणाली.

गाडी गेली. पुढची चाळीस मिनिटांनी होती. मी चडफडत माघारी आलो. हिने बाक पुसून डबा उघडला आणि थालीपिठाचा मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला.