धावपट्टीशेजारचे प्रवासी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने गोंदियाजवळच्या बिरसी गावाच्या शिवारात धावपट्टी बांधली, आणि हल्ली तेथे वैमानिकीचे उमेदवार गावावरून घिरट्या घालीत असतात. तथापि मुंबई बंदर पाहण्याची मनीषा धरणारा बिरसीकर गृहस्थ पत्नी, मुले, वृद्ध मातोश्री आणि नव्या तांदळाचे पोते यांसह गोंदिया जंक्शन गाठून विदर्भ एक्सप्रेसच्याच हवाली होतो. तिकडे पोलंडात वॉर्सातून बाल्टिककाठच्या ग्दान्स्क बंदरास आगगाडी सुमारे तीन तासांत पोचते. आमच्याकडे तेवढ्या अवधीत मातोश्रींच्या खालच्या बर्थचा तंटाही निकाली निघत नाही. सकाळी मुंबईकर आप्त साश्चर्य विचारतात, "तुमच्या दारात विमानतळ ना?" मातोश्री पोत्यावर हात ठेवून उत्तरतात, "हाय ना बापू. पन त्यात हे कोन चढवू देते?"