पोहरादेवीची पांदण आणि आमचे शिरस्त्राण

रामनवमीस पोहरादेवीला जाण्याचा बेत ठरला तेव्हा आमच्या भाच्याने प्रथम जी चौकशी केली ती मुहूर्ताची नव्हे, शिदोरीची नव्हे, की मुक्कामाचीही नव्हे; "मामा, तुमच्या डोक्याचा घेर किती?" असा त्याचा सवाल होता, आणि सरकारी दप्तरात छत्तीस वर्षे कारकुनी करून आपल्या डोक्याविषयी वरिष्ठांचे नाना प्रकारचे अभिप्राय ऐकून घेतले असताही त्याचा घेर मात्र आजवर कोणी विचारला नव्हता, हे आम्हास कबूल करावे लागले.

या चौकशीस कारण होते. सेवालाल महाराजांचे समाधिस्थान असल्यामुळे बंजारा समाजाची काशी मानल्या गेलेल्या या गावी रामनवमीच्या यात्रेस केवळ वऱ्हाडातूनच नव्हे, तर तेलंगण-कर्नाटकातूनही तांडेच्या तांडे लोटतात, आणि मग दिग्रसकडची व मानोऱ्याकडची अशा दोन्ही वाटा ट्रक, जीप आणि ट्रॅक्टर यांनी अशा तुंबतात की वाहनात बसलेल्या माणसास पायी चालणाऱ्याचा हेवा वाटावा. सबब भाच्याने पांदणीने जाण्याची तजवीज केली होती. पांदण म्हणजे गावनकाशात ठळक रेघेने दाखवलेला व शेतात गेल्यावर शोधूनही न सापडणारा रस्ता. तीत चैत्रात घोटाभर फुफाटा असतो, आषाढात गुडघाभर चिखल असतो, आणि बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या बारमाही असतात. अशा रस्त्याकरिता त्याने एक उंच, काटकुळी आणि सदैव रागावल्यासारखी दिसणारी मोटारसायकल घेतली होती, व मागे बसणाऱ्याचे डोके शाबूत राहावे एवढीच काय ती उणीव उरली होती.

वाशीमच्या दुकानात शिरस्त्राणांची जी रांग मांडली होती ती पाहून आम्हास राजवाड्यातल्या शस्त्रागारात आल्याचा भास झाला. आडवाटेचे शिरस्त्राण हे शहरी शिरस्त्राणाहून निराळे: त्याची हनुवटी पुढे काढलेली, म्हणजे धापा टाकणाऱ्यास श्वासाला जागा राहते, कपाळावर ऊन व उडते ढेकूळ अडवणारी लांब चोच, आणि डोळ्यांसमोर काच नाहीच, तेथे निराळा गॉगल चढवायचा. आयएसआयची खूण पाहून घ्या, असे भाचा बजावत होता. हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित, हे कलमही त्याने ऐकवले. आत थर्माकोलसारखा जो थर असतो तो आघाताबरोबर स्वतः चिरडला जातो आणि धन्याची कवटी वाचवतो, व एकदा चिरडला की कायमचा बाद होतो, हे ऐकून मात्र आम्ही सद्गदित झालो. असा इमानी नोकर आम्ही कोणत्याही कचेरीत पाहिला नाही. अरबस्तानातला तो लॉरेन्स साहेब १९३५ साली मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीने गेला, त्याच्यावर उपचार करणाऱ्या ह्यू केर्न्स या शल्यविशारदाने पुढे लष्करी निरोप्यांच्या फुटलेल्या डोक्यांचा हिशेब मांडला, आणि १९४१ साली ब्रिटिश फौजेत या स्वारांना शिरस्त्राणाचे फर्मान सुटले; म्हणजे दप्तराच्या रिवाजाने पाहता सहा वर्षांत निकाल लागला, हे काम झपाट्याचेच म्हटले पाहिजे.

भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून फीत फिरवली असता आमचा घेर सत्तावन्न सेंटिमीटर भरला. त्या मापाचे शिरस्त्राण चढवताच दोन्ही गाल मध्यभागी येऊन भेटले आणि तोंडाचा आकार शंख फुंकणाऱ्यासारखा झाला. "असंच पायजे," दुकानदार म्हणाला, "मान हलवली का गालाची कातडी संगं हलली पायजे." परंतु आमच्या घराण्यात वस्त्र नेहमी वाढत्या अंगाचे घेण्याचा शिरस्ता असून शाळेचा सदरा आम्ही चौथीत घेतला तो सातवीत अंगास बसला होता, तेव्हा आम्ही साठाचा हट्ट धरला.

"काका, डोस्कं आता वाढनार हाये काय?"

या प्रश्नातला अनादर मनावर न घेता आम्ही पैसे मोजले.

पहिल्या चाकोरीस शिरस्त्राण डावीकडे वळले. आम्ही समोर पाहत होतो आणि ते तुरीच्या धसकटांकडे पाहत होते. दुसऱ्या गचक्यास ते नाकावर उतरले व जग अस्तरमय झाले. भाच्याने ब्रेक दाबला की आमची चोच त्याच्या मानेत रुतावी, त्याने "मामा!" म्हणून ओरडावे, व आम्ही शिरस्त्राणाच्या अंतर्भागातून क्षमा मागावी, ती आमची आम्हासच ऐकू यावी, असे सुमारे तासभर चालले. फुफाटा कोठून आत येत होता याचा शोध लागला नाही, मात्र आलेला परत जात नव्हता एवढे खरे.

नगाऱ्याचा आवाज आला तेव्हा गाव आल्याचे कळले, कारण दिसत काहीच नव्हते. पुढे दर्शन घेतले. नगाऱ्याच्या आकाराचे जे वारसा संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उघडले तेही बाहेरून पाहिले. आणि सावलीला टेकलो, तेथे एका तांड्याचे वृद्ध नायक बसले होते. त्यांच्या पूर्वजांनी मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून रस्ता नसलेला सारा मुलूख ओलांडला होता, फौजांना रसद पोचवली होती. आडवाटेच्या प्रवासात याहून मोठा अधिकार कोणाचा असणार? त्यांनी आमचे शिरस्त्राण कलिंगडासारखे टिचकीने वाजवून पाहिले, किंमत विचारली, आणि ती ऐकून ते अलगद खाली ठेवले.

"हे रोज बांधा लागत नाई?"

"नाही. तयार मापाचे येते."

"मंग मापाचं काहून नाई घेतलं?" असे म्हणून त्यांनी आपल्या पागोट्यास एक हिसका दिला. ते तसूभरही हलले नाही. रोज सकाळी डोक्यावरच बेतून बांधायचे, मग वाढत्या अंगाचा प्रश्नच कोठे येतो!

आम्ही लगेच खांद्यावरचा दुपट्टा काढून आत गुंडाळण्याचा विचार बोलून दाखवला. चिंध्या कोंबल्याने माप होत नाही, उद्या वाशीमला जाऊन बदलून आणू, तोवर डांबरी सडकेने सावकाश जाऊ, असा भाच्याने निकाल दिला व नायकांनी त्यास मान डोलावून दुजोरा दिला. त्याप्रमाणे परतीस आम्ही डांबरी सडक धरली, आणि ट्रक व ट्रॅक्टर यांच्या मधोमध दिवेलागणीपर्यंत एकाच बाभळीसमोर उभे राहिलो. त्या अवधीत शिरस्त्राण एकदाही हलले नाही.