जाळ आणि धूर संगटच

रंकाळ्यावर गारठा उतरला की कोल्हापूरकर फिरायला निघतो ते मफलर, कानटोपी, स्वेटर असा सगळा जामानिमा करून. अर्धा फेरा झाला की बाकावर टेकतो आणि पोटाकडं बघत म्हणतो, "भावा, ही चरबी काय हलंना बघ."

हलंल कशी? पोटावरची ती पांढरी. तिचं काम साठवायचं. शिवाय लेप्टिन सोडून ती मेंदूला 'आता पुरे' असा निरोपही धाडते. पण रश्श्याची दुसरी वाटी समोर असताना तो निरोप वाचतो कोण?

जाळणारी चरबी वेगळी, तपकिरी. तिच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी खच्चून भरलेल्या. त्यांतल्या लोहानं तिला तो रंग येतो. तिथलं यूसीपी-१ हे प्रथिन इंधनातली ऊर्जा दुसऱ्या कामाला लागू न देता थेट उष्णता करून टाकतं. तान्ह्या बाळाला कुडकुडता येत नाही. त्याला ऊब देते ती हीच. मोठ्या माणसांतही ती जागी असते, हे २००९ साली स्कॅनवर दिसलं. कुठं? मानेत आणि कॉलर बोनच्या वर. पेटते कशानं? गारठ्यानं. आणि आपण नेमकं तिथंच मफलरचे तीन वेढे देतो!

तिसरी जात बेज. राहते पांढऱ्यांच्या गोटात, थंडी पडली की जाळायला लागते. ऊब परतली की पुन्हा गुमान साठवायला बसते, असं उंदरांत तरी दिसलंय. कोल्हापूरच्या राजकारणात मुरलेल्याला यात नवल वाटू नये.

हे वाचून कुणी पहाटे गार पाण्याच्या बादल्या अंगावर ओतेल आणि 'जाळ आणि धूर संगटच' म्हणत मटणाच्या ताटावर बसेल. बाबा रे, मोठ्या माणसात तपकिरी चरबी असते ती थोडकी. तुझं ताट तिला झेपायचं नाही.

काटकुळ्यांनी मात्र हसू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीनं काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाला मधुमेह कसा गाठतो, त्याचं एक उत्तर या फोटोत आहे. तेव्हा दूधकट्ट्यावर धारोष्ण दुधाचा दुसरा पेला मागत "आपल्याला काय लागत न्हाई" म्हणणाऱ्यानं वजनकाट्याचा दाखला देऊ नये. शिंप्याकडची टेप घ्यावी, पोटाभोवती फिरवावी. आणि हो, श्वास न रोखता.