वर्गणीपुरतं गाव

गेल्या रविवारी आमच्या गावात यात्रेची बैठक झाली. पहिलाच विषय वर्गणीचा. गावातल्या घराला पाचशे आणि परगावच्या गलाईवाल्यांना पाच हजार, असा ठराव दोन मिनिटांत मंजूर झाला. हरकत कुणी घेतली नाही, कारण ज्यांनी घ्यायची ते तमिळनाडूत, केरळात, बंगालमध्ये आपापल्या भट्टीपुढं बसले होते. मी उठून एवढंच विचारलं, "ज्यांच्याकडून दहापट घेताय, त्यांना २०२० च्या मे महिन्यात आपण कुठं ठेवलं होतं?" मंडप गप्प झाला. मागून आवाज आला, "जुनं कशाला उकरून काढताय?"

उकरून काढायलाच हवं. कारण त्या महिन्याबद्दल गावानं त्यांची अजून माफी मागितलेली नाही.

आमचा भाग दुष्काळी. सातारा आणि सांगली १९४९ पर्यंत एकच जिल्हा होता. पुढं दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. जिल्हे वेगळे झाले, पण माण-खटाव काय आणि खानापूर-आटपाडी काय, सगळ्यांच्या वाट्याला आभाळ सारखंच कोरडं. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातल्या म्हसवडला पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. पाटण-जावळीची माणसं मुंबईला माथाडी झाली, आमची गलाईत गेली. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळेच्या अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांची संघटना बांधली, १९६९ चा कायदा झाला, हमालाच्या घामाला निदान एक नोंदवही मिळाली. गलाईच्या पोरांना तेवढीही मिळाली नाही.

गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळायचं काम. मोडीचे दागिने आणि सराफाच्या दुकानातली झाडलोटीची धूळसुद्धा घ्यायची, टाकणखार घालून मुशीत वितळवायची, त्यात चांदी किंवा तांबं मिसळायचं आणि मग तो माल तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये टाकायचा. हिणकस विरघळतं, तळाशी सोन्याची तपकिरी भुकटी राहते. ती धुऊन पुन्हा वितळवली की शुद्ध सोनं. तेजाबात उतरलेली चांदीही वाया जाऊ देत नाहीत, तांब्याच्या पट्ट्या सोडून ती परत मिळवतात. या कामात तेजाबातून तांबूस धूर उठतो. खोली लहान असते, खिडकी असली तर असते. हा धूर वर्षानुवर्षं छातीत जातो. तेजाब लागलेली बोटं पिवळी पडतात आणि ती कातडी झडेपर्यंत पिवळीच राहतात. गलाईवाला ओळखायचा असेल तर गळ्यातली साखळी बघू नका, बोटं बघा.

माझा थोरला चुलतभाऊ यातलाच. आम्ही त्याला दादा म्हणतो, गाव त्याला शेठ म्हणतं. दहावीनंतर मामानं त्याला तमिळनाडूत नेलं. पहिली काही वर्षं जेवण आणि झोपायला दुकानाचा माळा, एवढ्यावर काम केलं. पुढं स्वतःचा गाळा भाड्यानं घेतला. लग्न झालं, वहिनी तिकडं गेली, मुलगी तिकडंच जन्मली. गावच्या देवळाच्या कळसाला दादाचे पैसे आहेत, शाळेच्या पाण्याच्या टाकीला आहेत. यात्रेला आला की पोरं त्याच्या गाडीमागं धावायची.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी कोरोनामुळं देशभर टाळेबंदी लागली. या धंद्याचा खरा हंगाम लग्नसराईचा. जुने दागिने मोडून नवे करायला लोक याच दिवसांत येतात. अक्षय तृतीया २६ एप्रिलला आली आणि सराफ बाजाराची कुलपं तशीच राहिली. महिनाभर दादानं कळ काढली. गाळ्याचं भाडं, घराचं भाडं, कामावरच्या दोन पोरांचं जेवण, सगळं साठवणीतून. २९ एप्रिलला केंद्रानं अडकलेल्यांना राज्याबाहेर जायची परवानगी दिली, तेव्हा त्यानं पास काढला. तो, ती दोन पोरं, वहिनी आणि मुलगी अशी पाच माणसं एका गाडीत बसून निघाली. सीमेवरच्या नाक्यावर रात्र गेली. सकाळी गावाच्या शिवेवर पोचले तर रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं: बाहेरच्यांना गावात प्रवेश नाही.

पंचवीस वर्षं शेठ म्हणवलेला माणूस त्या पुठ्ठ्यापुढं बाहेरचा झाला.

गावाची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर) आमच्यापासून लांब नाही. सौदीहून परतलेल्या एकाच घरातल्या चौघांचे अहवाल २३ मार्चला बाधित आले आणि बघता बघता तिथला आकडा वीसच्या पुढं गेला. साताऱ्यातही पहिला रुग्ण परदेशातून परतलेलाच निघाला. रोज संध्याकाळी टीव्हीवर तेच. म्हातारी माणसं घरात होती, त्यांची काळजी करणं बरोबरच होतं. पण इस्लामपूरची ती माणसं एप्रिलमध्येच बरी होऊन घरी जायला लागली होती, हे तितक्या आवाजात कुणी सांगितलं नाही. काळजी घेणं वेगळं आणि हिडीसफिडीस करणं वेगळं. चौदा दिवस वेगळं ठेवा, जरूर ठेवा. पण ठेवलेल्या माणसाला पाणी कोण देणार, हे ठरवायला दोन दिवस लागले, याला मी भीती म्हणायला तयार नाही.

त्यांना शाळेत ठेवलं. पत्र्याचं छप्पर, मे महिन्याची दुपार. खोल्यांना कुलपं, व्हरांडा तेवढा मोकळा. टाकी दादाच्या पैशातली, पण नळ बंद, कारण सुट्टीत पाणी कशाला सोडायचं. माझी आई सकाळ-संध्याकाळ भाकरी-कालवण करून द्यायची आणि मी डबा फाटकावर ठेवून वीस पावलं मागं जायचो. दादा येऊन डबा उचलायचा. त्या वीस पावलांमध्ये आम्ही बोलायचो, म्हणजे ओरडायचो. गावातली पोरं पलीकडच्या बांधावर बसून बघायची.

आणि दादा खोकायचा. तो खोकला तेजाबाचा, तमिळनाडूत कमावलेला, दहा-बारा वर्षांचा जुना. पहिल्यांदा आला तेव्हा बांधावरची पोरं उठून पळाली. तासाभरात गावभर झालं, "शेठला लागलंय." मग दादा खोकला दाबायला लागला. तोंडावर पंचा, डोळे लाल, मान खाली. मी समोर उभा असताना वहिनी त्याला हळूच म्हणाली, "अवो, खोकू नगा, मानसं बघत्यात." हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. ज्या कामाच्या पैशानं देवळाचा कळस चढला, त्याच कामाचा खोकला आपल्याच गावात चोरून खोकायची वेळ त्याच्यावर आली. तपासणी झाली, अहवाल स्वच्छ आला. तरीही पंधराव्या दिवशी ते घरी आले तेव्हा शेजारच्या दोन घरांनी दारं लावून घेतली.

दादाची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. घरात आमच्यासारखीच माणदेशी बोलते. गावातली तिच्या वयाची पोरं भाजी म्हणतात, ती कोरड्यास म्हणते, कारण तिच्या आईनं जे शब्द नेले ते तिकडं तसेच राहिले. पण लिहिते तमिळ. आल्यावर एकदा तिनं माझ्या आईकडं "आजी, मोर दे" म्हणून वाटी पुढं केली. आई चक्रावली. तमिळमध्ये ताकाला मोर म्हणतात. एवढीच काय ती परकी गोष्ट तिच्यात होती, आणि तिच्यावर आजी पोट धरून हसली. शाळेला मात्र ती पूर्ण परकी वाटली. जूनमध्ये दादा प्रवेशासाठी गेला तर, "दाखला आणा, मराठी येत नाही, कुठल्या वर्गात बसवू?" हे उत्तर. शाळेचं नाव मी लिहीत नाही, कारण त्या वर्षी बऱ्याच ठिकाणी हेच झालं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं आणि मागं पडलं असेल ते वेगळं शिकवून भरून काढायचं, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. ते वाचून दाखवायला मला दोन वेळा जावं लागलं. तोवर वर्ग फोनवर सुरू झाले होते, आणि आमच्या वस्तीवर रेंज यायला चिंचेच्या झाडाखाली जावं लागतं. ती पोर त्या चिंचेखाली बसून एकेक मराठी अक्षर तमिळ अक्षराशेजारी लिहून शिकली. वही अजून माझ्याकडं आहे. 'ळ' तिला पहिल्याच दिवशी आला, तो तिच्या दोन्ही भाषांत आहे.

रेशनचं म्हणाल तर कार्डावर दादाचं नाव कधीच कमी झालेलं. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांना माणशी पाच किलो धान्य दोन महिने, अशी घोषणा केंद्रानं १४ मे रोजी केली होती. दादा रांगेत उभा राहिला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "शेठ, तुम्हाला पण?" तो घरी आला, पिशवी खुंटीला अडकवली आणि पुन्हा गेला नाही. ऑगस्टमध्ये सोनं तोळ्याला पंचावन्न हजारांच्या पुढं गेलं, पेपरात मोठे मथळे आले. गावात चर्चा, आता गलाईवाल्यांची चांदी. दादाकडं त्या दिवशी भट्टी पेटवायला माल घेण्याइतकेही पैसे नव्हते. वहिनीनं स्वतःच्या पाटल्या काढून दिल्या. दिवाळीच्या आधी तो परत गेला आणि त्या पाटल्या त्यानं स्वतःच्याच मुशीत गाळल्या.

तर पाच हजार. दादा देईल. न विचारता देईल, पावतीसुद्धा मागणार नाही. मला त्याचाच राग येतो आणि त्याचंच वाईट वाटतं.

यात्रेला ही सगळी गलाईवाली मंडळी घरी येतात. वर्षातले तेवढेच तीन-चार दिवस ती एका जागी सापडतात. त्या दिवसांत आपण करमणुकीवर लाख-लाख उधळतो. त्यातले निम्मे काढा आणि छातीच्या तपासणीचं शिबिर घ्या. एक्स-रेची गाडी आणा, श्वास मोजायचं यंत्र आणा, फुप्फुसांचा जाणता डॉक्टर बसवा. भट्टीवरच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना आधी तपासा, शेठ लोकांना नंतर. धूर बाहेर टाकणारा पंखा आणि नळकांडं किती रुपयांत बसतं, हे त्यांना तिथंच दाखवा. कामगार म्हणून ई-श्रममध्ये नाव घालून द्या, ते पोर्टल २०२१ पासून चालू आहे. ग्रामपंचायतीत एक वही ठेवा, त्यात कोण कुठल्या गावी आहे, घरात माणसं किती, पोरं कितवीला आणि कुठल्या भाषेत शिकतात, हे लिहा. पुन्हा तशी वेळ आली तर ती माणसं फाटकापर्यंत येण्याआधी खोली उघडी आणि नळ चालू असला पाहिजे.

टेंभू उपसा योजनेचं पाणी आता आपल्या भागात खेळायला लागलंय. १९९६ मध्ये कराडजवळ काम सुरू झालं, तेव्हा ते इथवर चढेल यावर कुणाचा विश्वास नव्हता. द्राक्षं-डाळिंबं दिसायला लागलीत. काही गलाईवाले परत यायचा विचार करतात, दादाही करतो. मध्ये फोनवर त्यानं विहिरीवरच्या रानाचं विचारलं, मोटर चालू आहे का, बांध कुणी कोरला का. मग थोडा थांबून म्हणाला, "पोरगी यायला तयार नाही रे. ती म्हणते, आपल्याला तिथं शाळेच्या व्हरांड्यात ठेवतात."

बैठक परत येत्या शनिवारी आहे. मी शिबिराचा ठराव लिहून नेणार आहे, आणि पोरीची ती वहीसुद्धा.